अलेक्झांड्रिया : कोणाचे शहर?

अलेक्झांड्रियाचे पुनरुज्जीवन पुस्तकाच्या आधाराने झाले, याचे आम्हा साहित्याच्या माणसांना अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. २००२ साली समुद्रकाठी नवे ग्रंथालय उघडले. २००५ पासून बंद असलेले ग्रीक-रोमन संग्रहालय २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले. कवाफीचे राहते घरही डागडुजीनंतर २०२४ मध्ये पाहुण्यांसाठी सज्ज झाले. तरीही आमची एक तक्रार उरतेच.

हे सारे पाहायला निघालेला वाचक बहुधा लॉरेन्स ड्युरेलची कादंबरी-चतुष्टयी (१९५७-६०) वाचून निघतो. तीत अरबी बोलणारे सामान्य शहर पार्श्वभूमीपुरतेच आहे. (ड्युरेल राहिला ते घर २०१७ मध्ये पाडले गेले, त्याची हळहळ आम्हालाही आहे.) नगीब महफूझ यांची ‘मिरामार’ (१९६७) मात्र १९५२ च्या क्रांतीनंतरच्या त्याच शहरात घडते. एका ग्रीक बाईच्या निवासगृहात राबणारी खेड्यातली झोहरा तीत लिहावाचायला शिकण्याचा हट्ट धरते. नव्या ग्रंथालयावर पहिला हक्क टॉलेमींच्या स्मृतीचा की या झोहराचा? आम्ही झोहराच्या बाजूचे. आपल्या अभ्यासमंडळांनी जागतिक साहित्याच्या यादीत ड्युरेलशेजारी महफूझ ठेवावेत, अनुवादातून का होईना.