धारावीची राखीव जागा कोणाच्या जिवावर उभी आहे?

धारावीत पुनर्विकासाची बैठक लागली की दोनच प्रश्न विचारले जातात. घर किती फुटांचे मिळणार आणि पात्र कोण ठरणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आम्हाला तिसराही प्रश्न विचारायचा आहे. धारावी हा विधानसभेचा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. मुंबईच्या ३६ जागांपैकी राखीव फक्त दोन, धारावी आणि कुर्ला. धारावीतली माणसे हलवली, तर या राखीव जागेचे काय होणार?

आधी ही वस्ती कोणाची ते पाहू. मूळ कोळ्यांची. १९ व्या शतकाच्या अखेरीस इथे चामड्याचे कारखाने आले, कारण वांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता आणि घाणीचा धंदा शहराला आपल्या दारात नको होता. त्या कारखान्यांत राबायला तामिळनाडूतून, विशेषतः तिरुनेलवेलीकडून, मुसलमान आणि आदिद्रविड आले. सौराष्ट्रातून कुंभार आले. कोकणातून, घाटावरून आणि मराठवाड्यातून महार, चांभार, मातंग आले. उत्तर प्रदेशातून जाटव आले. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांना शहराने खाडीच्या चिखलात ठेवले. तो चिखल भरून जमीन याच लोकांनी केली. आज मिठीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिल्यावर त्याच जमिनीला सोन्याचा भाव आला आहे.

आता प्रतिनिधी कोण झाले ते पाहा. १९७८ ला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सत्येंद्र मोरे निवडून आले. महाडच्या लढ्याची पायाभरणी करणाऱ्या रा. बा. मोरे यांचे ते चिरंजीव. १९८० ला काँग्रेसचे प्रेमानंद आवळे. नंतर १९८५, १९९० आणि १९९९ ला एकनाथ गायकवाड, मध्ये १९९५ ला शिवसेनेचे बाबूराव माने. २००४ पासून सलग चार वेळा वर्षा गायकवाड आणि २०२४ ला त्यांच्या भगिनी ज्योती गायकवाड. या यादीत रिपब्लिकन पक्षाच्या कोणत्याही गटाचा एकही आमदार नाही. जागा आपली, माणूस दुसऱ्याच्या पक्षाचा. पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ लादला तेव्हा बाबासाहेबांनी हाच धोका ओळखला होता.

पण सगळा दोष प्रस्थापितांवर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. कायद्याने आपल्याला कसे तोडले आणि आपण ते कसे चालू दिले, हेही बोलले पाहिजे.

पहिली तोड धर्मावरून. १९६२ ला महाराष्ट्र विधानसभेत राखीव जागेवरून निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६४ ला त्यांची निवड टिकू दिली नाही. बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला तो १९९० च्या जूनमध्ये. म्हणजे धारावीच्या पहिल्या चारही निवडणुकांत स्वतःला उघडपणे बौद्ध म्हणवणाऱ्याला या राखीव जागेवर उभे राहता येत नव्हते. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान तर आजही बाहेरच आहेत.

दुसरी तोड राज्यावरून. अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय आहे. लोकसभेच्या राखीव जागेवर कोणत्याही राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस उभा राहू शकतो, विधानसभेच्या जागेला मात्र त्याच राज्याच्या यादीतली जात लागते. तीन पिढ्या धारावीत काढलेला तमिळ दलित इथे मत देतो, पण उमेदवार होऊ शकत नाही. जनगणनेतही अनुसूचित जातींची नोंद राज्याच्या यादीनुसारच होते. अस्पृश्यता त्याच्या पाठीशी मुंबईपर्यंत आली, सवलत मात्र गावाकडेच राहिली.

आता तिसरी तोड येते आहे, ती पत्त्यावरून. पुनर्विकासाच्या योजनेत १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या रहिवाशांना धारावीत घर आहे. त्यानंतर आलेल्यांना आणि माळ्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर. त्यासाठी मुलुंड, कुर्ला, देवनार अशी नावे पुढे आली आहेत. पत्ता बदलला की मतदारयादीतले नावही जाते. २०२७ ची जनगणना समोर आहे आणि तिच्यानंतर मतदारसंघांची फेररचना. २००२ च्या परिसीमन कायद्याचा निकष असा होता की, शक्यतो जिथे अनुसूचित जातींचे प्रमाण तुलनेने जास्त, तिथे राखीव जागा ठेवायची. पुढेही हाच निकष राहिला, तर विखुरलेल्या धारावीत ते प्रमाण कुठून आणणार? राखीव जागा काढून घ्यायला कोणाला भाषण करावे लागणार नाही. माणसे हलली की आकडाच ते काम करील.

काही मित्र म्हणतात, लोकांना पक्के घर मिळते आहे, तुम्ही मतदारसंघ घेऊन काय बसलात? आम्हाला झोपडीचे प्रेम नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहणाऱ्या बाईला चिखलाचा अभिमान शिकवायला आम्ही जाणार नाही. घर हवेच, पण ते धारावीतच हवे. घराच्या बदल्यात मत गेले, तर उद्या त्याच घराची गळती सांगायला सभागृहात माणूस उरणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन कामे आजच हाती घ्यावीत. पात्रतेची यादी आणि मतदारयादी शेजारी ठेवून गल्लीगल्लीत तपासा, कोणाचे नाव कुठून गळाले ते लिहून काढा. जनगणनेचा प्रगणक दारात येईल तेव्हा धर्म बौद्ध आणि जात अनुसूचित यादीतली, दोन्ही नीट नोंदवली जातील हे पाहा. आणि तमिळ, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या आपल्या भावाबहिणींकडे त्यांच्या भाषेतले पत्रक घेऊन जा. १४ एप्रिलची मिरवणूक आपण त्यांच्या गल्लीतून नेतो, पण बैठकीला त्यांना बोलावतो का? उमेदवारी त्यांना कायद्याने नाकारली आहे. कार्यकारिणीत मात्र त्यांना आपणच घेतलेले नाही.

ही जागा आजवर आपल्याला वापरता आली नाही, हे खरे. म्हणून ती गमवावी, असे नाही.

जय भीम!