भारताची वेळ रेडिओवर का ऐकू येत नाही? दिवेआगरमधला एक घरगुती प्रयोग

तत्काळ तिकिटासाठी सकाळी १० वाजता बोट स्क्रीनवर ठेवून बसलात, की एक गोष्ट लगेच कळते. तुमच्या फोनमध्ये किती वाजले याला तिथे काही किंमत नसते, रेल्वेच्या सर्व्हरवर किती वाजले ते महत्त्वाचं. लॉगिनसाठी ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा अंकी कोड वापरता ना? तो दर ३० सेकंदांनी बदलतो आणि पूर्णपणे वेळेवरच चालतो. फोनचं घड्याळ दोन-चार मिनिटं चुकलं की कोडही चुकला.

म्हणूनच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२५ मध्ये काढलेला भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा आपल्या कामाचा आहे. कायदा, व्यापार, सरकारी कामकाज आणि डिजिटल व्यवहार या सगळ्यांसाठी भारतीय प्रमाणवेळ हाच एकमेव संदर्भ असावा, असं त्यात म्हटलंय. घोषणा आहे 'एक देश, एक वेळ'. कल्पना चांगलीच आहे. पण ही वेळ दिवेआगरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात पोहोचणार कशी, हा माझा प्रश्न आहे.

फोनला वेळ कोण सांगतं?

मुख्य वाटा तीन. मोबाईल टॉवर, इंटरनेटवरचे टाइम सर्व्हर आणि जीपीएससारखे उपग्रह. या तिन्ही बंद झाल्या तर फोन आतल्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालत राहतो. साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत २० धरली, तर दिवसाला जवळपास पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. म्हणजे महिन्याभरात साधारण ५० सेकंद.

यात एक गोम आहे. तीन वाटा दिसतात, पण त्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या नाहीत. ५जीच्या टॉवरना आपसात मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने जुळून राहावं लागतं आणि त्यासाठी ते बऱ्याचदा उपग्रहाचीच वेळ घेतात. म्हणजे मुळाशी सगळा भार आकाशातल्या घड्याळांवर.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन तालुक्याने हे अनुभवलंय. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, नेटवर्क कित्येक दिवस गायब होतं. त्या दिवसांत कुणाला मिलिसेकंदांची गरज नव्हती, हे खरं. पण जमिनीवरची यंत्रणा एका दुपारीत किती कोलमडू शकते, ते सगळ्यांनी पाहिलं.

आपले उपग्रह कुठवर आलेत?

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये, सिझियम अणुघड्याळं आणि हायड्रोजन मेसर आहेत. भारताची अधिकृत वेळ तिथे ठरते. नव्या योजनेत ती वेळ अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या पाच प्रयोगशाळांमार्फत देशभर द्यायची आहे. इस्रोही सोबत आहे, कारण परदेशी जीपीएसवरचं अवलंबन कमी करायचंय.

इस्रोची स्वतःची यंत्रणा म्हणजे नाविक. पण तिची तब्येत फार ठणठणीत नाही. पहिल्या उपग्रहातली, आयआरएनएसएस-१ए मधली, तिन्ही परदेशी रुबिडियम घड्याळं बंद पडली होती. २९ मे २०२३ ला सुटलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतीय बनावटीचं अणुघड्याळ बसवलं, ही मोठी गोष्ट. पण जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार ११ पैकी फक्त ४ उपग्रह स्थान आणि वेळेची पूर्ण सेवा देत होते.

चारच का होईना, चालतील ना? इथे गणित समजून घ्या. फोनला चार गोष्टी शोधायच्या असतात: अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळातली चूक. म्हणून किमान चार उपग्रह लागतात. त्यातला एक गेला की स्थान सांगणं अवघड. पण तुमची जागा आधीच पक्की माहीत असेल, तर फक्त वेळेसाठी एक उपग्रहही पुरतो. म्हणजे वेळ देण्याचं काम त्या मानाने सोपं आहे आणि त्याला जमिनीवरचा पर्यायही देता येतो.

तो पर्याय आपल्याकडे होता

१९५९ पासून एनपीएल 'एटीए' या नावाने शॉर्टवेव्हवर वेळेचे संकेत प्रसारित करत असे. साधा रेडिओ १० मेगाहर्ट्झवर लावायचा आणि सेकंदाचे ठोके ऐकायचे. पुढे १९८० च्या दशकात इन्सॅटवरून वेळ देणं सुरू झालं. आज एटीए बंद आहे.

मग आज १० मेगाहर्ट्झवर काय येतं, हे बघायला मी दिवेआगरमध्ये घरीच एक रिसीव्हर बनवला. तुम्हीही बनवू शकता.

* एनई६०२ किंवा एसए६१२ ही मिक्सर चिप आणि १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल
* आवाज वाढवायला एलएम३८६
* अँटेनाकडे १० मेगाहर्ट्झला जुळवलेली कॉइल आणि कपॅसिटर
* क्रिस्टलला किंचित इकडे-तिकडे करायला ट्रिमर
* ९ व्होल्टची बॅटरी. पण मिक्सरला थेट ९ व्होल्ट देऊ नका, आधी ६ व्होल्टचा रेग्युलेटर लावा
* अँटेना म्हणून दोन पोफळींमध्ये ताणलेली १५ मीटर वायर

तत्त्व सोपं आहे. येणारा सिग्नल आणि आपला क्रिस्टल यांच्यातला फरक कानाला ऐकू येतो. ट्रिमर फिरवत शिट्टी खाली खाली आणायची आणि ती नाहीशी झाली की थांबायचं. मग उरतात ते सेकंदाचे ठोके. ते हळूहळू मोठे-लहान होत राहतात, कारण दोन लहरींची फेज सरकत असते. घरातल्या एलईडी दिव्यांची आणि इन्व्हर्टरची खरखर फार त्रास देते. गावात लाईट गेली की रिसेप्शन एकदम स्वच्छ! सूर्य मावळल्यानंतर तर आणखी छान.

ऐकू आलं ते चीनचं 'बीपीएम' केंद्र. दर तासाच्या २९व्या आणि ५९व्या मिनिटाला मोर्समध्ये नाव आणि मग चिनी भाषेत घोषणा. अंतर सुमारे ४ हजार किलोमीटर, म्हणजे सिग्नलला जवळजवळ १४ मिलिसेकंद लागतात. त्यात हे केंद्र ठोके मुद्दाम २० मिलिसेकंद आधी पाठवतं. हा हिशेब केला की कानाने ऐकलेली वेळही बऱ्यापैकी अचूक ठरते.

यातून काय घ्यायचं?

रेडिओ हा उपग्रहाला पर्याय नाही. शॉर्टवेव्ह मिलिसेकंदांच्या पुढे जात नाही आणि खोटा सिग्नल त्यावरही सोडता येतो. शेअर बाजार किंवा ५जी टॉवर त्यावर चालणार नाहीत. पण वेगळ्या वाटेने आलेली दुसरी वेळ हाताशी असेल, तर पहिली चुकतेय हे निदान कळतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळाल्याचं सरकारनेच संसदेत मान्य केलं, तेव्हा ही भीती कागदावरची राहिली नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे वेळेचं केंद्र बंद करायचा प्रस्ताव आला होता, पण ते आजही चालू आहे. जर्मनी ७७.५ किलोहर्ट्झवर वेळ देते आणि तिथली भिंतीवरची साधी घड्याळंही ती ऐकून स्वतःला जुळवतात.

आपल्याला एक वेळ स्वीकारायला तसाही वेळच लागतो. देशाची प्रमाणवेळ १९०६ ला आली, पण मुंबई १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ पाळत होती. सूर्याच्या हिशेबाने दिवेआगर आजही प्रमाणवेळेच्या ३८ मिनिटं मागेच आहे. एक वेळ पाळा म्हणणं ठीक. पण ज्याला ती पाळायची आहे त्याला ती सहज, फुकट आणि इंटरनेटशिवाय मिळायला हवी. त्या नियमांसोबत एटीएसारखं एक केंद्र पुन्हा सुरू झालं, तर समुद्रात गेलेल्या होडीवरच्या साध्या रेडिओलाही भारताची वेळ कळेल. तोवर माझ्या रिसीव्हरवर चीनचीच वेळ वाजत राहणार.