जाहिरात मराठीत, साखर इंग्रजीत

सोलापुरात टीव्हीवर बिस्किटाची जाहिरात मराठीत लागते. त्या पुड्यात साखर किती, हे मात्र मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत छापलेले असते. वर आपल्यालाच ऐकवतात, ‘लोक लेबल वाचत नाहीत!’

वाचणार कसे? नियमानुसार लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असले की पुरे, मराठी ऐच्छिक. विड्या वळून घर चालवणारी, मराठी किंवा उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलेली आई पुडा घेते, तेव्हा तिला कळते ते फक्त दुधाच्या ग्लासाचे चित्र.

इंग्रजी येणाऱ्यांचीही सुटका नाही. तक्त्यातले ‘आरडीए’चे टक्के दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढासाठी काढलेले असतात. त्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते. म्हणजे पुड्यावर चित्र मुलाचे, हिशेब बापाचा! तोही एका ‘सर्व्हिंग’चा, म्हणजे दोन-तीन बिस्किटांचा. चहाबरोबर अख्खा पुडा संपतो, त्याचे काय?

‘हाय फायबर’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम फायबर पुरते. हा दावा साखरेबद्दल अवाक्षर काढत नाही.

‘ओआरएस’चे प्रकरण आठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्याहून कितीतरी गोड पेये नावात ‘ओआरएस’ मिरवत विकली जात होती. ‘हे ते ओआरएस नव्हे’ असा खुलासा छापला की परवानगी मिळत होती. जुलाब झालेल्या मुलाला जास्त साखर दिली तर जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षे लढल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने ही परवानगी काढून घेतली. बारीक खुलाशाने कुणाचेच रक्षण होत नाही, हे यातून सिद्ध झाले.

मी सॉफ्टवेअर लिहितो. बहुतेकांना स्क्रीन कळली नाही, तर आम्ही त्यांना अडाणी ठरवत नाही; स्क्रीन बदलतो. चिलीने २०१६ मध्ये तेच केले. साखर, मीठ, चरबी जास्त असेल तर पुड्याच्या पुढेच काळा अष्टकोनी शिक्का. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२५ ला पुढच्या बाजूच्या लेबलाबाबत तीन महिन्यांत शिफारशी मागितल्या. पुढे मुदत वाढवून घेतली गेली.

मराठी छापणे खर्चाचे आहे म्हणे. मराठी जाहिरात परवडते, मग मराठीत एक ओळ का परवडू नये?

दोस्तहो, जिलेटिन आहे का, ‘ई’ क्रमांक कुठला, हे पाहायला आपण पुडा उलटतोच. ‘हलाल आहे का?’ विचारतो, तसे ‘तय्यिब आहे का?’ हेही विचारा. टक्के सोडा, १०० ग्रॅमचा रकाना पाहा. ‘लो शुगर’साठी घन पदार्थात १०० ग्रॅममागे ५ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, गोड बिस्किटांत बहुधा २० ग्रॅमच्या वर साखर असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिली तीन नावे वाचा.

पण एवढ्यावर थांबू नका. घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवायला इंजिनिअर मुलगा नसतो. इशारा पुड्याच्या पुढे हवा, ठळक हवा आणि महाराष्ट्रात मराठीत हवा. ही मागणी मोहल्ला कमिटीतून, बचत गटातून, कॉलेजातून लेखी जाऊ द्या.