सलाईन म्हणजे जेवण नव्हे

२० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी अखेरचा श्वास घेतला. भुकेल्याला आधी अन्न, ही त्यांची शिकवण. मग पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खाटेवरचा रुग्ण उपाशी का, असा आमचा सवाल आहे.

हा सवाल आमच्या वस्त्यांचा आहे. विदर्भात सिकलसेल अनुसूचित जाती-जमातींत मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि पित्ताचे खडे कमी वयातच होतात. अशा रुग्णाच्या अंगातले पाणी कमी होणे घातक ठरते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना एक-दोन दिवसांत तोंडाने खाता येते. मात्र स्वादुपिंडाची सूज वा अन्य गुंतागुंतीमुळे खाणे जमत नसेल आणि आतडे काम करीत असेल, तर नाकातून नळीने अन्न देणे हाच उपचार होय. नातेवाईक नळीला भितात, सलाईनवर विसंबतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत अवघी २५ ग्रॅम साखर असते, प्रथिने शून्य! पन्नास किलोच्या रुग्णाला रोज साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. जखम भरायची कशाने?

हे समजावणे डॉक्टरांचे कर्तव्य, विचारणे आमचा हक्क. प्रत्येक रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर आहार मराठीत लिहून द्यावा. नळीसह घरी जाणाऱ्याच्या आहाराचा खर्च शासनाने उचलावा, आशाताईंना नळीची निगा शिकवावी. आम्हाला दया नको, हक्काचे अन्न हवे!