चकाकी म्हणजे जतन नव्हे

१९७०च्या प्लिमथ सुपरबर्डचे व्हिनाइलचे छप्पर शोभेसाठी नव्हते. नास्कारच्या शर्यतींत हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून मागची काच बदलली गेली. त्या घाईतले जोडकाम झाकणे भाग होते. आज ‘पुनरुद्धारा’च्या नावाखाली ही घाईच घासून पुसली जाते आणि कारखान्याने कधीही न दिलेली आरशासारखी चकाकी ‘मूळ’ म्हणून मिरवली जाते. ही निव्वळ रंगसफेदी! गंजून गेलेला सांगाडा वाचवणे वेगळे; धडधाकट गाडीचा मूळ रंग खरवडणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. ‘बुलिट’ चित्रपटातली १९६८ची मस्टँग पाहावी. विटलेला हिरवा रंग, चित्रीकरणासाठी केलेले फेरफार, सारे तसेच राहू दिले. २०२०च्या लिलावात तिला ३७ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली, गंजाच्या डागांसकट.