खिळा आधी काढा, टीटी नंतर

घराचे रिनोव्हेशन सुरू झाले की पायात खिळा घुसलेले रुग्ण हमखास येतात. कधी कामगार, कधी काम कुठवर आले ते बघायला साध्या चपला घालून गेलेले घरमालक. पहिले वाक्य ठरलेले: "डॉक्टर, टीटी मारून द्या."

टीटी आहे या भरवशावर खिळे तसेच सोडायची सवय आपल्याला लागली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने पॅनेलिंग उचकटले की फळ्या निघतात, पण भिंतीवरच्या लाकडी चौकटीत खिळे खांद्याच्या, डोळ्याच्या उंचीवर उभेच राहतात. निघालेल्या फळ्या खिळे वर करून जमिनीवर पडतात. "नंतर सगळे एकदम काढू," असे सांगितले जाते. तोवर त्याच खोलीत वायरमन, प्लंबर आणि घरातली मुले वावरत असतात! फळी निघाली की तिचा खिळा तेव्हाच काढावा. हातोडीच्या मागच्या फटीत डोके अडकवायचे, खाली लाकडाचा तुकडा ठेवून दाबायचे. डोके तुटले असेल तर जंबूर. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण खिळा उडतो. नुसता वाकवून ठेवलेला खिळाही ओरबाडतोच.

आता गैरसमजाबद्दल. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत, धुळीत, शेणात असतात आणि हवा नसलेल्या जागी वाढतात. खिळ्याची जखम वरून बारीक, आतून खोल असते आणि तोंड लगेच मिटते. या जंतूंना नेमके हेच हवे असते. त्यामुळे "खिळा नवा कोरा होता" याला काही अर्थ नाही.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा. हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नका. आत चपलेचा किंवा मोज्याचा तुकडा राहिला असेल तर तो डॉक्टरांनीच काढायचा असतो. इंजेक्शनचे हे काम नव्हे.

दर सहा महिन्यांनी टीटी घ्यायची गरज नसते. लहानपणचे सर्व डोस झाले असतील तर अशा खोल, मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसला ५ वर्षे उलटली असली तरच बूस्टर लागतो. सरकारी लसीकरणात आता टीटीऐवजी टीडी देतात, तीही चालते. मात्र ज्यांचे डोस अपुरे आहेत किंवा आठवतच नाहीत, त्यांना लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते, कारण लसीचा परिणाम दिसायला वेळ लागतो आणि धनुर्वात साधारण ३ ते २१ दिवसांत उद्भवतो. कामाच्या शोधात गाव सोडून आलेल्या अनेक मजुरांकडे लसीची कसलीच नोंद नसते. सर्वांत जास्त खिळे त्यांच्याच पायात जातात.

मधुमेहींची गोष्ट आणखी वेगळी. पाय बधिर असेल तर खिळा घुसलेला कळतही नाही, संध्याकाळी मोजा लाल दिसतो तेव्हा कळते. जखम दोन-तीन दिवसांनी पुन्हा दुखू लागली, सुजली तर थांबू नका. बुटाच्या रबरी तळातून खिळा गेला असेल तर हाडापर्यंत संसर्ग पोहोचू शकतो.

टाइल्सच्या दरावरून आपण कंत्राटदाराशी तासभर घासाघीस करतो. त्यातच दोन गोष्टी ठरवून घ्या: कामगारांना जाड तळाचे बूट, आणि रोज काम संपताना खिळे काढून डब्यात. बुटाचे पैसे तुम्ही दिलेत तरी हरकत नाही.