मोहम्मद अली नायकच, पण फरिश्ता नव्हे

एखाद्या नावाजलेल्या माणसाची जुनी चूक समोर आली की सोशल मीडियावर लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, 'संपला हा माणूस.' दुसरा म्हणतो, 'हे सगळं बदनामीचं कारस्थान आहे.' माणूस आपल्या समाजाचा असेल, तर आपण बहुधा दुसऱ्या गटात असतो.

बॉक्सर मोहम्मद अलींचंच बघा. १९६७ साली त्यांनी व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकी लष्करात भरती व्हायला नकार दिला. जगज्जेतेपद गेलं, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ऐन उमेदीची तीनहून अधिक वर्षं रिंगणाबाहेर गेली. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. आपल्या श्रद्धेसाठी एवढी किंमत मोजणारे खेळाडू किती?

पण हेच अली १९६४ मध्ये घानात माल्कम एक्स समोर आले तेव्हा पाठ फिरवून निघून गेले. माल्कम त्यांचे मित्र आणि मार्गदर्शक होते. पुढच्याच वर्षी त्यांची हत्या झाली. जो फ्रेझर बंदीच्या काळात अलींच्या बाजूने उभे राहिले. त्यांना पुढे अलींनी 'गोरिला' म्हणून हिणवलं. गोरे वर्णद्वेष्टे कृष्णवर्णीयांना जे म्हणत, तेच एका कृष्णवर्णीयाने दुसऱ्याला म्हटलं.

'तिकिटं खपवण्यासाठीचं नाटक होतं ते,' असं चाहते म्हणतात. फ्रेझर यांनी मात्र ती जखम अनेक वर्षं वागवली.

आपल्या दीनमध्ये पैगंबरांखेरीज कोणी मासूम नाही. तौबाचा दरवाजा उघडा आहे, पण हुकूकुल इबादचा, म्हणजे बंद्यांच्या हक्कांचा हिशेब वेगळा आहे. ज्याला दुखावलं, त्याचीही माफी मागावी लागते. अलींनी २००१ मध्ये फ्रेझर यांची जाहीर माफी मागितली. माल्कम यांच्याबाबतचा पश्चात्ताप २००४ च्या पुस्तकात लिहिला. तो ऐकायला माल्कम नव्हते.

आमच्या मते अली नायकच राहतात. १९६७ चा त्यांचा निर्णय या चुकांनी खोटा ठरत नाही. पण त्या निर्णयामुळे चुकाही पुसल्या जात नाहीत. दुसऱ्यांचे नायक भिंगाखाली तपासायचे आणि आपल्यांवर पडदा टाकायचा, हा इन्साफ नव्हे. आपल्या हयात नेत्यांना आणि आलिमांनाही हीच कसोटी लावावी लागेल. नाहीतर त्यांनी दुखावलेल्या माणसांना दाद मागायला जागाच उरणार नाही.

मुलांना अलींची गोष्ट जरूर सांगा, पण त्यात फ्रेझर आणि माल्कम यांचीही नावं येऊ द्या.